अप्पांचा वकील

गुरुवारच्या बाजाराचा दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टातून बाहेर आलो, काळा कोट काढून हातावर टाकला आणि सवयीने पत्र्याच्या शेडकडे बघितलं. सुभाष खबालेच्या टेबलासमोर नेहमीसारखी माणसं जमलेली होती आणि त्यांच्यात, अगदी पुढच्या खुर्चीवर, माझे वडील बसले होते.

आधी वाटलं, मला शोधत आलेत आणि चुकून तिथे टेकलेत. पण तसं होणं अवघड होतं. आमच्या तालुका कोर्टात वकिलांना खोल्या नव्हत्या, सगळ्यांची टेबलं त्या एकाच शेडमध्ये ओळीने मांडलेली, आणि माझं टेबल अप्पांना डोळे झाकून सापडलं असतं. दर गुरुवारी ते कासारशिंगीहून एसटीने बाजाराला यायचे, भाजीची पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवायचे, "ऱ्हाऊ दे रं हितं," म्हणायचे आणि बाजार फिरायला जायचे. आज ती पिशवी खबालेच्या टेबलाखाली होती.

मी हात वर केला. अप्पांनी मला बघितलं, रस्त्यात ओळखीचा कुणी दिसला तर हलवावी तेवढी मान हलवली आणि पुन्हा खबालेकडे तोंड केलं.

खबालेबद्दल थोडं सांगायला हवं, आणि ते मी न्यायाने सांगेन असं कुणी समजू नये. आम्ही दोघांनी एकाच वर्षी सनद घेतली. मी कोल्हापूरला पहिल्या वर्गात पास झालो, तो तिसऱ्या खेपेला सुटला. माझी कैफियत न्यायाधीश एकदा वाचून बाजूला ठेवायचे, त्याच्या कैफियतीतली वाक्यं त्यालाच पुन्हा समजावून सांगावी लागायची. उलटतपासणीत त्याचा आवाज साक्षीदारापेक्षा खाली असायचा. तो दावे हरायचा, आणि हरलेला पक्षकार दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्याच्याच घरी जायचा. मी जिंकून दिलेला माणूस निकालाची नक्कल हातात पडली की परत तोंड दाखवत नसे.

असं नव्हे की मी काही केलं नाही. पक्षकार जोडायचे तर काय काय करावं लागतं ते मी सगळं केलं. कार्डं छापून घेतली. गावोगावच्या लग्नांना हजेरी लावली, जत्रांना गेलो, सरपंचांच्या मुलांची नावं पाठ केली. सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा जेवू घातलं. खबाले यातलं काही करत नसे. त्याच्या टेबलाचा एक पाय विटेवर होता, आणि त्या टेबलासमोर सकाळपासून माणसं उकिडवी बसलेली असायची. माझा जीव नुसता जळायचा. रात्री जेवताना बायकोशी मी बोलायचो तो खबालेबद्दलच. ती एकदा म्हणाली, "त्यांना माहीत तरी आहे का, तुम्ही त्यांचा एवढा विचार करता ते?"

त्या दिवशी सुट्टी संपताना बाररूमच्या नळापाशी मी त्याला गाठलं.

"खबाले, आमचे वडील आले होते वाटतं तुमच्याकडे."

"हो, आले होते." तो हात पुसत होता.

"काय काम होतं?"

त्याने रुमालाची घडी केली. "शेडगे, ते मी कसं सांगू? दुसऱ्याच्या पक्षकाराच्या कामात तोंड घालायचं नाही, हे तुम्हीच मागे सगळ्यांना बजावलंत."

बजावलं होतं खरं. आमच्या बारमध्ये तो नियम लेखी नव्हता, पण सगळे पाळायचे. माझा एक पक्षकार उठून खबालेकडे गेला तेव्हा मी भर बाररूममध्ये आवाज चढवून हाच नियम ऐकवला होता. खबालेने तेव्हा माझी माफी मागितली होती आणि त्या माणसाला परत माझ्याकडे आणून बसवलं होतं. तो माणूस पुढे तिसऱ्याच वकिलाकडे गेला, ही गोष्ट वेगळी.

"वडील आहेत ते माझे," मी म्हणालो.

"म्हणून तर अवघड आहे," खबाले म्हणाला आणि कोर्टात गेला.

रविवारी मी गावी गेलो. घरात आई होती, गोदूआत्या होती. आत्या अप्पांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर दिरांनी तिला गोड बोलून माहेरी पोचवली होती आणि ती दिवाळीपासून आमच्याकडेच होती. सोप्यात एका कोपऱ्यात तिची ट्रंक आणि वळकटी असायची. घरातलं कुठलंही काम दुसऱ्याने हातात घ्यायच्या आत ती उरकून मोकळी व्हायची.

अप्पा अंगणात वैरण तोडत होते. मी शेजारी उभा राहिलो.

"गुरुवारी खबालेकडे काय काम काढलं होतं?"

"हुतं जरा."

"मी होतो की तिथं. माझ्याकडे का नाही आलात?"

"तू कामात आसतोस."

"तो काय रिकामा असतो?"

अप्पांनी विळ्यावरची पेंढी फिरवली. "त्येचं बी काम चालूच आसतंय," ते म्हणाले. "पर त्ये आसूदे."

मला संशय होता तो रस्त्याकडेच्या तुकड्याचा. आमच्या रानाची एक पट्टी डांबरी रस्त्याला लागून होती. रान म्हणून तिची किंमत काही नव्हती, पण घरासाठी, दुकानासाठी लोक ती मागत होते. कोर्टासमोर एक गाळा विकायला निघाला होता. ती पट्टी विकून तो गाळा घ्यायचा, त्यात काचेचं टेबल टाकायचं, बाहेर पाटी लावायची, माणसांना बसायला बाक करायचे, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पत्र्याखाली बसणाऱ्या वकिलाला कोण विचारतं, हे माझं म्हणणं. समोर खबाले पत्र्याखालीच बसायचा, पण माणूस एकदा हट्टाला पेटला की असलं काही दिसत नाही. दिवाळीत मी अप्पांकडे गोष्ट काढली होती. ते "बघू" म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी बघितलं ते खबालेकडे.

पुढच्या गुरुवारी अप्पा पुन्हा खबालेकडे. त्याच्या पुढच्याही. मी माझ्या टेबलावरून बघत राहायचो. समोर कुणी आपल्या बांधाची हकिकत सांगत असायचा आणि माझं लक्ष तिकडे. अप्पा बशीत चहा ओतून फुंकर घालत. खबाले एखाद्या कागदावर काही लिहीत असे, मग लिहिणं थांबवून ऐकत बसे. एकदा अप्पा हसले. मागे रेलून, टोपी काढून हसले. माझ्यासमोर ते असे कधी हसल्याचं मला आठवेना. मी वकील झालो त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले होते, पण माझ्याशी बोलताना पुढे ते खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखे बोलायचे.

शेडमधल्या इतर वकिलांच्या ध्यानात आलंच. "शेडगे, वडिलांचं काम काय आहे?" एकाने विचारलं. मी म्हणालो, "घरचं काम घरच्या वकिलाने करू नये, म्हणून मीच पाठवलंय." तो "बरोबर आहे" म्हणाला आणि खालचा ओठ दाबून हसला. त्या हसण्याने माझी झोप उडाली.

उलगडा झाला तो आत्याकडून. एका रविवारी संध्याकाळी मी गावातून निघालो, तर आत्या एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आली. वाटेत ती पट्टी लागते. तिथे ती थांबली.

"दिगू, तू नाराज न्हाईस न्हवं?"

"कशाबद्दल?"

"आरं, ह्या तुकड्याबद्दल. तुला तर समद्यांच्या आदी कळलं आसंल, तू वकील हाईस." पदर डोक्यावर सारखा करत ती म्हणाली, "म्या दादाला म्हनलं हुतं, मला नगं. दोन खोल्या कुटं बी पडत्याल. तर त्यो म्हनतो, बा गेला तवा तलाठ्याम्होरं तुजी सही घेतली आन् येक लुगडं दिलं, त्ये मला आजून टोचतंय. आता ऱ्हायाला तरी दितो. त्या खबालेवकिलाकडं घालतोय म्हनं हेलपाटं."

आत्याने आपल्या वाट्यावर पाणी सोडलं तेव्हा मी शाळेत होतो. बहिणींनी हक्क सोडायचा आणि भावांनी साडीचोळी करायची, हे आमच्याकडे इतकं सरावाचं की त्याबद्दल कुणी बोलतही नाही. अप्पांना ते टोचत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते मला त्यांनी सांगितलंही नव्हतं. खबालेला सांगितलं होतं.

"नाही गं, नाराज कशाला," मी म्हणालो आणि एसटीत चढलो.

गाळा गेला, पाटी गेली, काचेचं टेबल गेलं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण अर्ध्या वाटेत मला एकदम आनंदाची उकळी फुटली. ती जमीन वडिलोपार्जित. मी मुलगा, माझा तिच्यात जन्माने हिस्सा. माझ्या संमतीच्या सहीशिवाय अप्पा ती कुणाला बक्षीस देऊच शकत नव्हते. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट, आणि खबालेला ती सुचली नव्हती. आता माझे वडील बसलेले असताना, त्यांच्या देखत, मी त्याची चूक दाखवणार होतो. गुरुवार येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होतो. कोट घालून जायचं, हेही ठरवलं होतं.

सुट्टी झाली. मी सरळ खबालेच्या टेबलाशी गेलो. अप्पा पुढच्या खुर्चीवर होते, मागे बाजारची माणसं.

"खबाले, मला बोलायचंय. अप्पांच्या कामाबद्दल."

खबालेने अप्पांकडे बघितलं. "अप्पा, शेडगेवकील आलेत. त्यांच्यापुढे बोलू?"

माझ्या वडिलांशी माझ्यापुढे बोलायला तो त्यांची परवानगी मागत होता. अप्पांनी टोपी सारखी केली. "बोला. आता काय झाकायचं ऱ्हायलंय."

"ती पट्टी वडिलोपार्जित आहे," मी म्हणालो. आवाज मी ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या संमतीशिवाय तिचं बक्षीसपत्र होत नाही. तुम्ही दस्त कसा काय केलात?"

"केलेला नाही."

"मग हे एवढे दिवस काय चाललंय?"

"तेच चाललंय," खबाले म्हणाला. "पहिल्याच गुरुवारी मी अप्पांना सांगितलं, मुलाची सही लागेल, त्यांना विचारा. ते म्हणाले, त्याला न विचारता काही होतं का बघा. मी बघितलं. होत नाही. मग ते पुढच्या बाजारी आले, आता काही होतं का विचारायला."

मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. खबाले हसला नाही.

"दर बाजारी हेच विचारता?" मी अप्पांना म्हणालो. "कायदा काय आठवड्याला बदलतो?"

"न्हाई बदलत. त्येनी सांगितलं मला."

"मग मला विचारायचं. मी काय नाही म्हणालो असतो?"

"न्हाई म्हनला आसतास तर बरं," अप्पा म्हणाले. "भांडलो आसतो दोगं. तू न्हाई म्हनला नसतास. माज्या तोंडाकडं बघून सही केली आसतीस, आन् त्या गाळ्याम्होरनं जाताना दर येळंला मला मनात शिव्या घातल्या आसत्यास. मला म्हाईत हाय की तू. सांगत न्हाईस, धरून ठेवतोस."

मला हे झोंबलं. ते खरं होतं म्हणून नव्हे, तर खबाले ते ऐकत होता म्हणून. तो आज पहिल्यांदा ऐकत नव्हता, हेही त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. गेले कित्येक गुरुवार माझ्याबद्दल हेच बोलणं झालेलं असणार. मी काय धरून ठेवतो, गाळ्याची मला कशी आस लागली आहे, माझ्या टेबलासमोर माणसं का थांबत नाहीत. त्या माणसाला माझ्याबद्दल माझ्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"बरं, कायदा तर कायदा," मी म्हणालो. "तो मीही सांगितला असता. तुम्हाला इथं येऊन वेगळं काय मिळालं?"

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तू पयल्याच दिशी सांगून मोकळा झाला आसतास. ह्ये मला दर बाजारी नव्यानं सांगत्यात."

मागे आता कुणी हसलं नाही. मी हात पुढे केला. "आणा कागद. करतो सही."

"आज नाही," खबाले म्हणाला.

"का?"

"आज तुम्ही रागात आहात. रागातली सही मी कुणाची घेत नाही. पुढच्या बाजारी या, आणि वाटलं तर या." मग त्याने मागच्या माणसाकडे बघितलं. "या मामा, बसा."

तो आठवडा मी खबालेला मनात जेवढं बोललो तेवढं उभ्या जन्मात कुणाला बोललो नसेन. मला, वकिलाला, त्याने पक्षकारासारखी पुढची तारीख दिली होती. जायचंच नाही, असं मी रोज सकाळी ठरवायचो. आणि गुरुवारी कोर्टात माझं एकही काम बोर्डावर नव्हतं तरी मी लवकर येऊन बसलो.

अप्पा आले. पिशवी घेऊन सरळ खबालेकडे गेले आणि शेडच्या कडेच्या बाकावर बसले, कारण पुढे माणसं होती. मी उठलो आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी जरा सरकून जागा दिली. शेडमधले सगळे बघत होते. बघू देत, म्हटलं.

नंबर आला. अप्पांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूच्या खुर्चीवर बसले. खबालेने पेन खाली ठेवलं.

"बोला शेडगे. काय म्हणताय?"

त्याला सगळं माहीत होतं. मी एका वाक्यात संपवणार होतो. पण त्याने असं विचारलं की जणू ही गोष्ट तो आज पहिल्यांदा ऐकणार होता, आणि मी सुरुवात केली ती गाळ्यापासून. मग पाटीचं सांगितलं. मग कार्डांचं, लग्नांचं, जेवू घातलेल्या सेक्रेटरीचं. माणसं येतात आणि परत येत नाहीत, ते सांगितलं. आत्या सोप्यात वळकटीवर निजते आणि मी गेलो की उठून मला जागा करून देते, तेही. हे माझ्या मनात होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणालो, "आणि तुमचा मला राग येतो. खूप वर्षं येतो."

"असं का?" खबाले म्हणाला. त्याने समजूत घातली नाही, कौतुकही केलं नाही. मी पुढे काही बोलतो का, म्हणून वाट बघत राहिला. सल्ला म्हणून एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. मी त्याच्या जागी असतो तर गाळ्यापाशीच थांबवून मुद्द्याचं बोला म्हणालो असतो.

अप्पा जमिनीकडे बघत ऐकत होते. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि उचलला.

"आत्याच्या नावे करायचं," मी म्हणालो. "मला चालतंय. खरंच चालतंय."

खबालेने तेव्हा कुठे दस्त काढला, वाचून दाखवला, संमतीची जागा दाखवली. मी सही केली. आत्या दुपारच्या एसटीने येणार होती, ती आली की नोंदणी कचेरीत जायचं ठरलं.

माझं काम झालं होतं आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या खुर्चीकडे लांबून बघत होतो, त्यावर माणसं का चिकटून बसतात हे मला कळत नव्हतं, आणि आता मीच चिकटलो होतो. खबालेचा हेवा मला तोवर बाहेरून वाटायचा. त्या दिवशी तो आतून वाटला, आणि तो जास्त वाईट असतो. कारण आता त्याच्याकडे काय आहे ते मला नेमकं कळलं होतं, आणि ते मला जन्मात जमणार नव्हतं, हेही.

"वकीलसाहेब," मागून कुणी म्हणालं. बघतो तर लक्ष्मण सावंत, बांधाच्या दाव्यातला माझाच पक्षकार. हातात माझ्याच नावाची फाईल होती. तो जरा ओशाळला, पण हटला नाही. "तुमचं झालं आसंल तर उठता का? माजा लंबर हाय."

मी उठून त्याला खुर्ची दिली. नियमाचं नाव काढलं नाही. खबालेच मला विचारत होता, "शेडगे, यांच्याशी बोललेलं चालेल का?" मी म्हणालो, "बोला."

आत्या यायला वेळ होता. मी टेबलाखालची पिशवी उचलली. "चला अप्पा, चहा घेऊ कुठंतरी. काम झालं आता इथलं."

अप्पांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा टेबलाखाली सरकवली.

"तू हो फुडं," ते म्हणाले. "मी बसतो जरा हितं."